वृद्धांची नागवण

श्रीनागदेवाचार्यांच्या आठवणी ज्यात संग्रहित आहेत त्या ‘स्मृतिस्थळ’ ग्रंथातील एक प्रसंग आपल्या वाचकांपैकी बहुतेकांस मुखोद्गत असेल. केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले असता आचार्यांनी त्यांस थांबविले. थांबविण्याचे जे कारण त्यांनी सांगितले ते व्याकरणाचे नव्हते, तत्त्वज्ञानाचेही नव्हते. ते मार्गातील म्हाताऱ्या बायांचे होते. संस्कृतामुळे त्या नागवल्या जातील, एवढाच त्या उत्तराचा आशय. हा प्रसंग आपण बहुधा मराठीच्या अभिमानासाठी सांगतो, आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु प्रस्तुत लेखात भाषेचा प्रश्न बाजूस ठेवून आचार्यांनी योजलेल्या क्रियापदाकडे पाहावयाचे आहे. नागवणे म्हणजे उपाशी ठेवणे नव्हे, मारणे नव्हे, टाकून देणेही नव्हे. जे ज्याचे आहे ते त्याच्यापासून हिरावून घेणे म्हणजे नागवणे. वाटमारा वाटसरूस नागवितो, कारण वाटसरूजवळ काही असते. आचार्यांच्या दृष्टीने त्या म्हाताऱ्यांजवळ काही होते, आणि ते जाण्याचा धोका होता. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हिरावणारा कोणी दुष्ट नव्हता. तो विद्वान होता, सद्हेतूचा होता, आणि आपण काही हिरावीत आहो याची त्यास कल्पनाही नव्हती.

वृद्धाचे मन स्वस्थ राहावे यासाठी काय लागते, असे विचारले तर वासनिक काय आणि आश्रमवासी काय, एकच उत्तर देतात: वेळेवर अन्न, अंगावर वस्त्र, औषध आणि सेवा. हे उत्तर खोटे नाही. ज्या घरात म्हाताऱ्यास औषधासाठी चार वेळा तोंड वेंगाडावे लागते, त्या घरात मनःस्वास्थ्याची चर्चा करणे ही थट्टाच होय. परंतु अन्न, औषध व सेवा यांत काहीही उणे नसता वृद्ध मनाने खचलेला आहे, असे अनेक घरांत आणि काही आश्रमांतही दिसते. तेथे सेवा कमी पडलेली नसते. सेवेच्या निमित्ताने काहीतरी काढून घेतलेले असते. काय काढून घेतले जाते, याचा शोध गेल्या साठ-सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी बराच घेतला आहे. तो समजून घेणे आपल्या मार्गाच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे, कारण परपीडा टाळणे हा ज्यांच्या आचाराचा पाया, त्यांस नकळत होणाऱ्या पीडेचे ज्ञान अधिकच हवे.

प्रथम निर्णयाचा विचार करू. १९७६ साली एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या दोन अमेरिकन विदुषींनी कनेक्टिकट राज्यातील एका शुश्रूषागृहातील वृद्धांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन मजल्यांवरील ९१ वृद्ध त्यात होते. एका मजल्यावरील वृद्धांस व्यवस्थापकाने सांगितले की खोली कशी लावावी, वेळ कसा घालवावा, गाऱ्हाणे असल्यास काय करावे हे तुमचे तुम्ही ठरवावयाचे आहे. मग एक रोपटे हवे की नको, आणि हवे असल्यास कोणते, हे त्यांस निवडू दिले व त्याची निगा त्यांच्यावर सोपविली. आठवड्याचा चित्रपट कोणत्या दिवशी पाहावयाचा हेही त्यांनीच ठरविले. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांस तितक्याच गोड शब्दांत सांगण्यात आले की तुमच्या सुखाची जबाबदारी आमची आहे. त्यांसही रोपटे मिळाले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. त्यांसही चित्रपट मिळाला, पण दिवस नेमून दिलेला होता. अन्न, औषध, खोली, परिचारिका यांत भेद नव्हता. तीन आठवड्यांनी पाहता पहिल्या मजल्यावरील बहुतेक वृद्ध अधिक प्रसन्न, अधिक सावध व अधिक हिंडते-फिरते आढळले. दुसऱ्या मजल्यावरील बहुसंख्यांची स्थिती, परिचारिकांच्याच मते, उतरली होती. दीड वर्षाने पुन्हा पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरील ४७ पैकी ७ व दुसऱ्या मजल्यावरील ४४ पैकी १३ वृद्ध निवर्तले होते. या मृत्यूंच्या गणितात पुढे दुरुस्ती करावी लागली आणि प्रयोगातील माणसेही थोडी होती. म्हणून झाडास पाणी घातल्याने आयुष्य वाढते असा बोभाटा कोणी करू नये. परंतु मनाच्या प्रसन्नतेविषयीचा मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि पुढील अनेक अभ्यासांत तो निरनिराळ्या रूपांनी आढळला आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. ‘आजी, तू बस, मी करते,’ हे वाक्य प्रेमाचे आहे. पण दिवसातून दहा वेळा उच्चारले म्हणजे त्याचा अर्थ हळूहळू असा होतो की तुझ्या हातचे काही आम्हांस नको आहे. मिसळणाचा डबा हातचा जातो, मग देवळीतील दिव्याची वात जाते, मग आज भाजी कोणती हे विचारणे बंद होते. शेवटी आजीला कोणते लुगडे नेसवावे हेही सून ठरवू लागते. यातील एकही गोष्ट मोठी नाही, म्हणूनच तक्रार करावयास जागा राहत नाही. सर्व काही मिळत असताना कुरकुर कसली, असे ती स्वतःसच विचारते आणि गप्प बसते. तिचे हे गप्प बसणे घरास समाधान वाटते.

याच विषयाचे एक दुसरे अंग रिचर्ड शुल्झ यांच्या संशोधनात आढळते, आणि माझ्या मते ते अधिक गंभीर आहे. त्यांनी एका वृद्धनिवासातील वृद्धांना भेटावयास महाविद्यालयीन विद्यार्थी पाठविले. काही वृद्धांना भेट केव्हा व किती वेळ हे स्वतः ठरविता येत होते, काहींना ती आधी कळविली जात होती, काहींकडे विद्यार्थी अवचित जात, आणि काहींकडे कोणीच जात नसे. ज्यांना भेट ठरविता आली किंवा आधी कळली, ते अधिक सुखी दिसले. प्रयोग संपला, भेटी थांबल्या. पुढे पुन्हा पाहणी केली तेव्हा ज्यांना सर्वांत अधिक लाभ झाला होता तेच सर्वांत अधिक घसरलेले आढळले. ज्यांच्याकडे कधी कोणी गेलेच नव्हते, त्यांची अशी घसरण झाली नव्हती. उत्सवाच्या दिवशी फळे घेऊन वृद्धाश्रमात जाणाऱ्या व छायाचित्र काढून परतणाऱ्या मंडळींनी हे दोनदा वाचावे. ‘पुढच्या रविवारी येतो’ असे म्हणून न येणारा मुलगा, कधीच न येणाऱ्या मुलाहून कमी अपराधी आहे, असे आपण समजतो. वृद्धाच्या मनाच्या हिशेबात तसे असेलच असे नाही.

येथे एक शंका उपस्थित होते. अनुसरलेल्या साधकाने तर घर, वित्त, नातीगोती, किंबहुना स्वतःची आवडनिवड हीदेखील सोडली आहे. तो गुरूच्या आज्ञेत राहतो. मग निर्णय हिरावला गेल्याने मन खचते हा नियम त्यास कसा लागू पडावा? आणि लागू पडत असल्यास त्याचा त्याग कच्चा म्हणावयाचा काय?

समाधान असे की त्याग आणि नागवण यांत बाहेरून पाहता काहीच भेद दिसत नाही. दोघांच्याही अंगावर तेवढेच वस्त्र, दोघांच्याही झोळीत तेवढेच अन्न. भेद एवढाच की एकाने ते स्वतः खाली ठेविले आणि दुसऱ्याच्या हातातून ते ओढून घेतले गेले. तरुणपणी सर्वस्व सोडणारा साधक ते सोडण्याचा निर्णय स्वतः घेतो, आणि तो निर्णय त्याच्याजवळ शेवटपर्यंत राहतो. त्याच साधकास सत्तराव्या वर्षी कोणी न विचारता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलविले, त्याची पोथी ‘नीट राहावी म्हणून’ कपाटात कुलुपात ठेविली, तर त्यास दुःख होते. या दुःखास आसक्ती म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दुसऱ्याच्या वैराग्याची परीक्षा घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? विरक्ती स्वतःसाठी असते. दुसऱ्याच्या बाबतीत आपणांस करुणाच सांगितलेली आहे.

हाच भेद एकांतासही लागू पडतो. विजन हे आपल्या आचारात साधन म्हणून सांगितले आहे. जनांपासून दूर, स्मरणासाठी बसणे ही साधकाची संपत्ती. आणि एकाकीपण ही आजच्या वृद्धांची सर्वांत मोठी व्यथा म्हणून जगभर सांगितली जाते. एकच स्थिती एकास अमृत आणि दुसऱ्यास विष कशी? मानसशास्त्रज्ञही येथे दोन शब्द वेगळे ठेवतात. माणसांचा प्रत्यक्ष संपर्क किती, हा एक प्रश्न. हवा तितका व हवा तसा संपर्क नाही ही बोच आहे काय, हा दुसरा. भरल्या घरात, नातवंडांच्या गोंगाटात बसलेला म्हातारा एकाकी असू शकतो, आणि मळ्यातील झोपडीत एकटा राहणारा तसा नसू शकतो.

लॉरा कार्स्टन्सन या विदुषीने दाखविलेली एक गोष्ट या संदर्भात उपयोगाची आहे. वय वाढते तसा माणसाचा गोतावळा लहान होतो, याचा अर्थ पूर्वी असा लावीत की वृद्ध जगातून अंग काढून घेतो. त्यांच्या मते, पुढे काळ थोडा उरला आहे हे जाणवू लागले की माणूस नव्या ओळखी जोडण्यापेक्षा जिव्हाळ्याच्या थोड्या माणसांकडे वळतो, आणि हे वळणे तो स्वतः निवडतो. त्यामुळे वृद्धाचे मन तरुणापेक्षा अनेकदा अधिक शांत आढळते. तेव्हा म्हाताऱ्याने लग्नकार्यास येण्याचे टाळले तर त्यास ओढून नेऊ नये. मात्र त्याचा जो एकच सोबती उरला आहे, तीन गल्ल्यांपलीकडील, त्याच्याकडे त्यास नेऊन सोडण्याचा कंटाळाही करू नये. गोतावळा लहान झाला म्हणजे त्यातील एक माणूस जाणे हे अर्धे जग जाण्यासारखे असते. वैधव्याचे किंवा जोडीदार गमावण्याचे दुःख म्हातारपणी अधिक खोल जाते त्याचे हेही एक कारण होय.

एकाकीपणाचे एक कारण तर अगदी स्थूल आहे आणि त्याकडे लक्षच जात नाही. ते म्हणजे कान. ऐकू कमी येऊ लागले की वृद्ध प्रथम ‘काय म्हणालास?’ असे विचारतो. दोनतीनदा ‘काही नाही, राहू द्या’ हे उत्तर मिळाले की विचारणे सोडतो. मग चुकीच्या जागी हसतो, मग हसणेही सोडतो. लोक म्हणतात, बाबांचे आता कशात लक्ष नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष आहे, दृष्टिदोष आहे, औदासीन्याचा विकार आहे आणि समाजापासून तुटणेही आहे. पहिल्या दोहोंतून पुढील दोन कसे निपजतात हे सांगावयास तज्ज्ञ नको. निरूपणाच्या वेळी वृद्धांस पुढे बसवावे, त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे, कानाचे यंत्र व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे चोचले समजू नयेत. आचार्यांनी संस्कृत नाकारले ते म्हाताऱ्यांस कळावे म्हणून. आज मराठीतच सांगितलेले निरूपण तिसऱ्या रांगेतील म्हातारीस ऐकू येत नसेल, तर तिच्यापुरते ते संस्कृतच झाले.

आता कामाकडे वळू. कॅरल रिफ यांनी १९८९ साली मनःस्वास्थ्याची सहा अंगे मांडली: स्वतःचा स्वीकार, इतरांशी जिव्हाळा, स्वतंत्र बुद्धी, परिस्थितीवर हुकमत, जीवनाचा हेतू आणि वाढत राहणे. निरनिराळ्या वयांच्या माणसांत ही अंगे तपासता वृद्धांच्या ठिकाणी शेवटची दोन, म्हणजे हेतू आणि वाढ, उणी पडलेली दिसली. हा वयाचा स्वभाव म्हणावा, की समाजाने वृद्धास हेतू ठेवावयास जागाच दिली नाही, याचा विचार त्यांनीही केला आहे. मला दुसरे कारण अधिक खरे वाटते. महदाइसांची पुसत राहण्याची वृत्ती लीळाचरित्राच्या वाचकास ठाऊक आहे. मार्गात जिज्ञासेला वयाची अट कधीच नव्हती.

आपल्या साधूंच्या बाबतीत हा प्रश्न फार टोकदार होतो. अटन आणि भिक्षा हे ज्याचे आयुष्यभराचे नित्यकर्म, त्याचे गुडघे एके दिवशी नाही म्हणतात. गृहस्थाची नोकरी संपते तेव्हा त्यास निवृत्तिवेतन तरी मिळते. साधूचे पाय थकतात तेव्हा आपला आचारच बुडाला या विचाराने तो आतून पोखरला जातो, आणि हे तो कोणाजवळ बोलत नाही. येथे जर्मन शास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी सांगितलेले एक उदाहरण, फार परके असले तरी, द्यावेसे वाटते. आर्थर रूबिनस्टाइन हा जगप्रसिद्ध पियानोवादक ऐंशीच्या घरात असतानाही उत्तम वाजवीत असे. हे कसे साधते असे विचारता त्याने तीन गोष्टी सांगितल्या. तो थोड्याच रचना वाजवी. त्यांचा सराव अधिक करी. आणि जेथे बोटे वेगाने चालावी लागत तेथे त्याआधीचा भाग मुद्दाम संथ वाजवी, म्हणजे पुढील भाग होता त्याहून जलद भासे. थोडे निवडणे, निवडलेल्यावर अधिक श्रम करणे, आणि गेलेल्या शक्तीची भरपाई युक्तीने करणे, असे बाल्टेस याचे सार काढतात. ज्याचे अटन थांबले त्याचे स्मरण थांबलेले नाही. ज्यास पाच घरे फिरता येत नाहीत त्यास सूत्रपाठाचा एक भाग तरुण साधकांकडून शुद्ध म्हणवून घेता येतो. सकळ लिपी वाचू शकणारे डोळे आता किती उरले आहेत? असा एखादा वृद्ध ज्या आश्रमात आहे तेथे त्याच्यापुढे रोज एक तरुण पाटी घेऊन बसला पाहिजे. याने पोथी वाचेल हे खरेच, पण त्या वृद्धाची सकाळही वाचेल. मात्र काम खरे असावे. म्हाताऱ्याचे मन रमावे म्हणून दिलेले खोटे काम त्यास लगेच ओळखू येते.

आठवणींविषयीही असाच गैरसमज आहे. वृद्ध मागचे मागचे बोलतो हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण, असे एकेकाळी वैद्यही मानीत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोवैद्याने याहून निराळे मत मांडले. मृत्यू जवळ आल्याची जाणीव झाली की मन आपोआप सर्व आयुष्य पुन्हा चाळू लागते. जुनी भांडणे, जुने अपराध, राहिलेल्या गोष्टी वर येतात. ऐकणारा मिळाला तर यातून समेट होतो, न मिळाल्यास पश्चात्ताप व निराशा घर करतात. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्येच आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातील झगडा असाच सांगितला होता. जे जगलो ते, त्यातील चुकांसह, माझे म्हणून स्वीकारता येणे एकीकडे, आणि आता पुन्हा सुरुवात करावयास वेळ नाही या जाणिवेची निराशा दुसरीकडे.

यासाठी वेगळी उपचारपद्धती शोधावी लागत नाही, ऐकणारा लागतो. आपले आद्य चरित्रच आठवणींतून उभे राहिले. म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे गेले, पुसले, आणि आचार्यांकडून ते पडताळून घेतले. ज्यांना त्यांनी पुसले त्यांत स्त्रियाही होत्या, आणि विद्वत्तेसाठी कोणी ओळखीत नसे अशी साधी माणसेही होती. ‘हे तुम्ही मागेच सांगितलेत’ असे म्हणून म्हाइंभट उठून गेले असते तर आज आपल्या हाती काय असते? घरातील म्हातारी तीच कथा दहाव्यांदा सांगते तेव्हा तीत एखादे नवे नाव, एखादा गाळलेला अपराध येतो काय, हे ऐकावे. पुष्कळदा दहाव्या वेळीच येतो.

येथवर जे लिहिले त्यावरून कोणी असे समजू नये की प्रेमाने बोलले की सर्व प्रश्न सुटतात. मनाचा आजार हा आजार असतो. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये वार्धक्यासंबंधी जी मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत साठीपुढील शंभरांपैकी सुमारे आठ जणांत गंभीर औदासीन्याची लक्षणे आढळली. वैद्याने तसे निदान केले आहे असे सांगणारे शंभरांत एकही भरले नाहीत. म्हणजे दहांपैकी नऊ रुग्ण घराच्या लेखी रुग्णच नव्हते. ते ‘वय झालेले’ होते. वृद्ध ‘मी दुःखी आहे’ असे बहुधा म्हणत नाही. अंग दुखते, झोप नाही, पोट बरे नाही, जेवण जात नाही, असे म्हणतो. शिवाय थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांनीही मन असेच काळवंडते, आणि ते तपासता येते. दोनतीन आठवडे ही लक्षणे राहिली, किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर वैद्याकडे न्यावे. साधूच्या तोंडचे ‘आता देह नको’ हे वाक्य वैराग्याचे की विकाराचे, हे जवळ बसून, त्याची झोप व जेवण पाहून ठरवावे. ऐकून नमस्कार करून निघून जाऊ नये.

शेवटची शंका सर्वांत अवघड आहे. ज्याची स्मृतीच गेली, जो मुलास ओळखत नाही, आपले गाव कोणते हे ज्यास सांगता येत नाही, त्याच्यापासून हिरावण्यासारखे काय उरले? त्यास विचारावयाचे काय? तर पुष्कळ उरलेले असते. खिडकीकडे तोंड करून बसावे की दाराकडे, हे त्यास विचारता येते. अंघोळ आता की थोड्या वेळाने, पाणी गार की कोमट, हे विचारता येते. उत्तर शब्दाने आले नाही तर मानेने येते, मानेने न आले तर हात मागे घेण्याने येते, आणि हात मागे घेतला तर थांबता येते. नावे विसरलेल्या माणसास लहानपणी पाठ केलेल्या ओळी पुष्कळदा येत असतात. एक ओळ आपण म्हणून दुसरीसाठी थांबावे. ती येण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प बसावे, आणि दुसरी ओळही आपणच म्हणून टाकू नये.